काढणीच्या दिवसांतला पडता भाव

आमच्या शाळेच्या मैदानापलीकडं रान आहे. दसरा झाला की तिथं मळणीचं मशीन येतं आणि त्याचा आवाज खिडकीतून वर्गात शिरतो. आधी नुसती घरघर, मग सोयाबीनची पेंढी आत गेली की जड झालेला, घसा बसल्यासारखा आवाज, मग पुन्हा घरघर. आवाजामागून भुसा येतो. फळ्यावर बसतो, वह्यांवर बसतो, पहिल्या बाकावरची मुलं शिंकायला लागतात. मुलांना हा आवाज फार आवडतो, कारण त्याच्या पाठोपाठ दिवाळीची सुट्टी येते. मला मात्र तो नको वाटतो. चार वर्षं झाली, दर वर्षी असंच. वर्गसमीकरण अर्धं सोडवलेलं असतं, एका हातात खडू असतो आणि दुसरा हात आपोआप खिशातल्या मोबाईलकडं जातो.

मी धाराशिवात गणित शिकवतो. माझ्या नावावर एक गुंठाही रान नाही. रान आहे ते आक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, तुळजापूर रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका गावात. दाजी गेल्यापासून ते तीच बघते. हे दिवस मोठे फसवे असतात. सकाळी दव, दुपारी अंग भाजणारं ऊन, चार वाजता अचानक पश्चिमेला काळं काहीतरी जमा होतं आणि रानात काढून टाकलेलं सोयाबीन उघड्यावर पडलेलं असतं. गावात ज्याला त्याला विचारा, तो आधी वर बघतो आणि मग उत्तर देतो. मी वर बघतो आणि मोबाईलमध्येही बघतो. दोन्हीकडं मला काही कळत नाही, पण बघितल्याशिवाय राहवत नाही.

या सोमवारी मधल्या सुट्टीत देशमाने सर डबा उघडता उघडता म्हणाले, "सर, तुमच्या त्या शेअरवाल्या कंपनीनं परत काहीतरी काढलंय बरं का." देशमाने सर भूगोल शिकवतात आणि बाजाराच्या बातम्या चवीनं ऐकतात. "आता दवाखान्यातली यंत्रं बनवणार म्हणे." माझा घास तोंडातच राहिला. बाहेर मशीन चालू होतं आणि सरांच्या डब्यातल्या शेंगाचटणीचा वास येत होता. चार वर्षांपूर्वी हाच महिना होता, हेच सर होते आणि मला वाटतं चटणीसुद्धा हीच होती.

तेव्हाची गोष्ट सांगायची तर विहिरीपासून सांगावी लागेल. आक्काच्या रानाचा विहिरीकडचा तुकडा नव्या रेल्वेमार्गात गेला. मोबदला रीतसर मिळाला, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण विहीर गेली. पैसे खात्यावर आले त्या दिवशी आक्का बँकेतून बाहेर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "पैशानं रान भिजतंय व्हय?" तिच्या बांधाला लागून निवृत्ती काकांची रानाची पट्टी होती, आणि त्या पट्टीत बारा महिने पाणी असलेली विहीर. काका थकले होते, विकायला तयार होते. दोघांनी बसून बोलणी केली, आक्कानं इसार दिला. अडचण एवढीच होती की सातबाऱ्यावर काकांच्या तीन बहिणींची नावं होती, त्यातली एक कर्नाटकात दिलेली. त्यांच्या सह्या गोळा होऊन खरेदीखत व्हायला पुढच्या दिवाळीचा पाडवा उजाडणार होता. म्हणजे आक्काचे पैसे जवळजवळ वर्षभर नुसते पडून राहणार होते.

हे 'पडून राहणार' माझ्या डोक्यात घुसलं. मला कुणी विचारलं नव्हतं. पण गणिताच्या मास्तराला एक खोड असते, रिकामी जागा दिसली की तो तिथं काहीतरी भरतो. मी आक्काला म्हणालो, शेअरमध्ये ठेवू. ती म्हणाली, "त्यातलं मला काय कळतंय? तुला कळतंय न्हवं?" मी म्हणालो, "कळतं की." आयुष्यात मी इतकं बेफिकीर वाक्य दुसरं कुठलं बोललो नसेन.

ती कंपनी मी कशी निवडली हे आता सांगायलाही लाज वाटते. दुकानांची, दवाखान्यांची, लॉजची बिलं काढायचं सॉफ्टवेअर ती बनवते. उमरग्याला बायकोच्या भावाला दाखवायला नेलं, तिथल्या दवाखान्याच्या बिलाखाली बारीक अक्षरात तिचं नाव. तुळजापूरला पाहुण्यांसाठी खोली घेतली, तिथल्या पावतीवर तेच नाव. धाराशिवात शर्टाचं कापड घेतलं, तिथंही तेच. मी मनात म्हणालो, जिथं माणसं पैसे देतात तिथं ही कंपनी हजर आहे, हिला मरण नाही. तर्क तसा वाईट नव्हता. पहिले सात-आठ महिने भाव हळूहळू चढत राहिला. आक्काकडं गेलो की ती चहा ठेवता ठेवता विचारायची, "कसं हाय रं दत्ता आपलं?" मी मोठ्या रुबाबात मोबाईल काढून हिरवा आकडा दाखवायचो. ती आकड्याकडं बघायची नाही, माझ्या तोंडाकडं बघायची आणि समाधानानं साखर टाकायची.

घटस्थापनेच्या आसपास बातमी आली. बिलांचं सॉफ्टवेअर बनवणारी ही कंपनी आता बॅटरीवर चालणारे छोटे ट्रॅक्टर बनवणार. त्या दिवशी भाव उसळला. मी शाळेतून थेट गावी गेलो. सडकेनं ज्योत घेऊन पळणारी मुलं तुळजापूरकडून परतत होती, झेंडूचे ढीग लागले होते, मोटरसायकलवर मला उगाच गाणं सुचत होतं. आक्का सोयाबीनच्या कडेला उभी होती. पानं पिवळी पडून गळायला लागली होती, शेंगा वाळत होत्या, आणि दर चार-पाच ओळींनंतर एक ओळ हिरव्यागार तुरीची. तिला बातमी सांगितली. ती खूष झाली.

"म्हणजे आता आपल्याकडंच आली म्हणायची ती," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की लोक वेगवेगळं बोलतायत. आपलं काम सोडून भलत्या धंद्यात हात घालणं बरं की वाईट, यावर बाजारात वाद आहे. तिला वादाचं कारणच कळेना. हातानं रान दाखवत ती म्हणाली, "ह्यात काय वाद घालायचाय? सोयाबीनमधी तूर न्हाय का लावत आपण? एक गेलं तर दुसरं हाताला लागतंय. नुसतं एकच पेरणाराचं डोकं फिरलंय म्हणायचं."

मला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ते माझंच म्हणून ऐकवलं. आंतरपिकाचं उदाहरण घेऊन मी कंपन्यांच्या नव्या धंद्यांवर दहा मिनिटं बोललो. देशमाने सरांनी मान डोलावली. आता आठवलं की कान गरम होतात.

खरं तर बाजार काय करतो हे समजायला मला मुंबईकडं बघायची गरज नव्हती, आमच्या चौकातल्या हॉटेलात बसलो असतो तरी चाललं असतं. तुळजापूरला ओटीच्या सामानाचं दुकान असलेल्या माणसानं वरच्या मजल्यावर चार खोल्यांचं लॉज काढलं तर आमचे लोक म्हणतात, शहाणा आहे, येणारं गिऱ्हाईक तेच, नारळ घेतो तो झोपणारही. पण औषधाच्या दुकानवाल्यानं शेजारी चपलांचं दुकान टाकलं की चहा पिता पिता पहिला प्रश्न येतो, औषधाचं चालत नाही वाटतं? आणि दुसरा प्रश्न, पैसा कुठला आणला? बिचाऱ्याचं औषधाचं दुकान व्यवस्थित चाललेलं असतं. पण प्रश्न एकदा विचारला गेला की चार जण तिथं जाताना बिचकतात. बाजारही एवढंच विचारतो. जे येतं त्याच्या जवळचं काही करतोय का? त्यासाठी स्वतःचा पैसा आहे का? आणि आहे ते काम संपत आलं म्हणून तर हे काढलं नाही ना? ज्या कंपनीकडं या तीन प्रश्नांची उत्तरं तयार असतात तिचा भाव नव्या धंद्याच्या बातमीनं वाढतो. जिच्याकडं नसतात तिचा पहिल्या दिवशी वाढतो आणि मग लोक हिशेब मागायला लागतात.

आमच्या कंपनीचं दुसरं झालं. पहिल्या दिवशी साहेब लोकांनी ट्रॅक्टरचं चित्र दाखवलं, खर्चाचं काही बोलले नाहीत. चार दिवसांनी कळलं की कारखाना उभा करायचाय. आठवड्यानं कळलं की जागा घेतलीय. मग कळलं की गाठीला होता तो सगळा पैसा त्यात चाललाय आणि बाहेरूनही उचलावा लागणार आहे. एकदाच सांगितलं असतं तर भाव एकदाच पडला असता. ते थोडं थोडं सांगत गेले आणि भाव रोज थोडा थोडा पडत गेला. लोकांना ट्रॅक्टरची भीती नव्हती. उद्या आणखी काय सांगणार आहेत, याची भीती होती. त्याच सुमारास दुसऱ्या एका सॉफ्टवेअरवाल्यांनी बँकांना लागणारी छोटी यंत्रं बनवायची ठरवली, त्यांचा भाव वाढला. मी दोन्हीचे आलेख शेजारी शेजारी ठेवून बघत बसायचो. मुलांना शिकवतो त्या आलेखांत रेषा का वाकली हे सांगता येतं. इथं वाकलेली दिसायची, आणि ती वाकली की माझ्या डोळ्यांसमोर निवृत्ती काकांची विहीर यायची.

तेव्हा पाडव्याला एक महिनासुद्धा उरला नव्हता. काकांच्या तिसऱ्या बहिणीची सही आली होती. आक्कानं मला ते फोन करून सांगितलं, आवाजात आनंद मावत नव्हता. "पाडव्याला सकाळीच खरेदी झाली असती तर बरं झालं असतं, पण कचेरीला सुट्टी आसती म्हणं. धनतेरशीलाच उरकू," ती म्हणाली. मी म्हणालो, "उरकू." मग तिनं नेहमीचं विचारलं, "आपलं कसं हाय?"

"ठीक हाय."

भाव त्या दिवशी अजून तितकासा पडला नव्हता. तेव्हा विकले असते तर अख्खी पट्टी आली असती, वर खरेदीखताचा खर्चही निघाला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं, आकडेमोड करून झाली होती. पण पडलेला आकडा आक्काला दाखवायचा या कल्पनेनंच माझा हात आखडला. मी स्वतःला सांगितलं, दोन दिवस बघू, सावरेल. दोन दिवसांनी आणखी पडला. आता तर सांगणं आणखी अवघड झालं होतं, म्हणून आणखी दोन दिवस.

घरी संध्याला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं ठाऊक होतं. "सांगून टाका ओ एकदा," ती भाकरी थापता थापता म्हणायची. "त्या काय तुम्हाला खाणार आहेत?" मी तिच्यावरच चिडायचो. चिडून झालं की पुन्हा मोबाईल बघायचो. त्या दिवसांत माझं जेवण सुटलं, मुलांच्या पेपरात मी बरोबर उत्तराला शून्य दिलं आणि ते एका मुलीनं घाबरत घाबरत येऊन दाखवलं.

आणि मग मी एक विचित्र गोष्ट सुरू केली. रोज सकाळी काढणीला जायला लागलो.

सोयाबीन सकाळीच काढावं लागतं. दव असेपर्यंत शेंगा मऊ असतात, ऊन चढलं की तडकतात आणि दाणे मातीत जातात. मी साडेसहाला मोटरसायकल काढायचो. माझी शाळा अकराची, त्यामुळं दहापर्यंत रानात थांबता यायचं. आक्कानं काढणी गुत्त्यावर, म्हणजे ठरावीक पैशात उरकायला, दिली होती, सात-आठ बाया यायच्या. त्या ओणव्या होऊन सरसर पुढं जायच्या, हातातला विळा दिसायचासुद्धा नाही. मी त्यांच्या शेजारची ओळ धरायचो आणि पाव ओळीत मागं पडायचो. माझा विळा खोडात अडकायचा, मी हिसका द्यायचो आणि हिसक्यानं शेंगा फुटून दाणे उडायचे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यातली एक म्हणाली, "मास्तर, तुमी पेरायलाव का काढायलाव?" मीही हसायचो. हाताला फोड आले, कंबर धरली, तळव्यांना सोयाबीनच्या केसाळ शेंगांची कुसळं लागून आग व्हायची. त्या आगीनं बरं वाटायचं. आक्काचं काहीतरी देणं आपण असं हातानं फेडतोय, असलं काहीतरी माझ्या मनाच्या तळाशी चाललं असावं.

सव्वानऊला बाजार उघडतो. मी नेमका त्याच वेळी पाणी प्यायच्या निमित्तानं बाभळीखाली जायचो. मागून आक्का यायची, मडक्यातलं पाणी ओतून द्यायची.

"कसं हाय?"

"ठीक हाय."

ती आणखी एक तांब्या भरायची आणि परत जायची. ओळीमागून ओळ सोयाबीन निघत होतं. दाट भरलेलं रान चार-पाच दिवसांत उघडं पडलं आणि त्यात तुरीच्या ओळी तेवढ्या उभ्या राहिल्या, लांब लांब, एकेकट्या. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं की या रानात काही आलंच नाही. मला ती तूर बघवत नसे. आक्काचं आंतरपिकाचं उदाहरण मी स्टाफरूममध्ये ज्या थाटात सांगितलं होतं ते आठवायचं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तुरीचं बी तिनं स्वतः पेरलेलं होतं आणि तूर तिच्या डोळ्यांसमोर उभी होती. कंपनीच्या रानात काय उगवलंय हे आम्हा दोघांपैकी कुणीच बघितलेलं नव्हतं, आणि जानेवारीपर्यंत थांबायची मुभा तुरीला होती, आम्हाला पाडव्यापर्यंतचीच.

काढलेलं सगळं सोयाबीन रानाच्या मधोमध गंजी लावून ठेवलं होतं. मशीनवाला दुसऱ्या गावात अडकला होता, उद्या येतो म्हणाला. त्या दिवशी रविवार होता म्हणून मी दुपारीही तिथंच होतो. तीनच्या सुमाराला वारा पडला. पश्चिमेकडून काळं वर आलं, इतक्या वेगानं की बाया हातातलं काम टाकून ताडपत्रीकडं धावल्या. ताडपत्री जड, वारा पुन्हा सुटलेला, एक टोक धरलं की दुसरं उडायचं. आक्का गंजीवर चढली, मी खाली दोर ओढत होतो, बाया कडेनं दगड ठेवत होत्या. पहिले थेंब आले तेव्हा तीन बाजू झाकल्या होत्या. चौथ्या बाजूला मी आणि आक्का ताडपत्रीची कड अंगाखाली धरून गंजीला टेकून बसलो. बाया झोपडीकडं गेल्या. पाऊस ताडपत्रीवर एवढा वाजत होता की मोठ्यानं बोलावं लागत होतं.

त्या आवाजात मी बोललो. बहुतेक त्या आवाजामुळंच बोलू शकलो. "आक्का, ठीक न्हाय. लई पडलंय. पट्टी पुरती येत न्हाय आता."

ती पावसाकडं बघत म्हणाली, "मला म्हायती हाय."

मला वाटलं संध्यानं फोन केला असेल. तसं विचारलं. ती म्हणाली, "तिनं कशाला? जन्मात कधी इळा हातात धरला न्हाईस तू. दाजी आजारी व्हते तवा सुद्धा आला न्हाईस काढणीला. आन् ह्या वर्षी रोज दिस उगवायला दारात. पयल्याच दिशी समजले म्या, हे काय तरी गमावून आलंय म्हणून."

मी म्हणालो, "मग विचारलं का न्हाईस?"

"रोज विचारत व्हते की. तू रोज ठीक हाय म्हणायलास." पाण्याची धार ताडपत्रीवरून तिच्या खांद्यावर येत होती, ती पुसत नव्हती. "पैसं गेलं त्याचं वाटतंय, न्हाय कशाला म्हणू. पर तू माज्याशी खोटं बोलायलास त्याचं लई वाटलं रं. पयल्याच दिशी सांगितलं असतंस तर काय तरी केलं असतं न्हवं दोघांनी."

पाऊस अर्ध्या तासात थांबला. गंजी वाचली, खालची एक कड भिजली तेवढी. आक्कानं ताडपत्रीवरचं पाणी झटकलं आणि रानाकडं बघत, हाताचे ओले तळवे लुगड्याला पुसत सरळ व्यवहाराचं बोलायला लागली. सगळे शेअर विकले तर किती येतील, निम्मे विकले तर किती. मी सांगत गेलो. सगळे विकूनही अख्खी पट्टी येत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती एकटी निवृत्ती काकांकडं गेली. काकांनी अर्धी पट्टी आणि विहिरीत निम्मा हिस्सा द्यायचं कबूल केलं. तेवढ्यापुरते शेअर आम्ही विकले. उरलेल्यांचं काय करायचं म्हणून विचारलं तर म्हणाली, "सोयाबीन काढलं. तूर राहू दे उभी."

ठरल्याप्रमाणं धनतेरशीला खरेदीखत झालं. मी साक्षीदार म्हणून सही केली. पेढे आक्कानंच वाटले.

निम्म्या हिश्शाची विहीर काय असते हे मला पुढच्या चार वर्षांत कळलं. चार दिवस पाण्याची पाळी आक्काची, चार दिवस काकांनी उरलेली अर्धी पट्टी ज्याला दिली त्या पुतण्याची. आक्काच्या पाळीत वीज गेली तर पाळी बुडाली. हरभऱ्याला नेमकं पाणी हवं त्या दिवशी पुतण्याची मोटर चालू. पुतण्या वाईट नाही, पण आपल्या पाळीचा तासही सोडत नाही, आणि का सोडावा? आक्का बांधावर बसून त्याच्या पाटातून जाणारं पाणी बघते. या विहिरीवरून ती मला कधी एका शब्दानं बोलली नाही. मी तिच्याकडं गेलो आणि पाळी पुतण्याची असली की मला मोटरचा आवाज ऐकवत नाही.

शेअरचं म्हणाल तर आम्ही विकल्यावर वर्षभर आणखी पडत राहिले. मग ते छोटे ट्रॅक्टर रस्त्यावर दिसायला लागले, द्राक्षाच्या बागांतून फिरायला लागले आणि ज्यांनी शिव्या दिल्या होत्या तेच दूरदृष्टी वगैरे म्हणायला लागले. भाव सावरला. गेल्या वर्षी तर आम्ही घेतला होता त्याच्याही वर गेला. बाजाराला आपण काय बोललो होतो हे आठवत नाही. मला आठवतं, म्हणून मी बाजारासाठी नालायक आहे. प्रत्येक चढावर मी आक्काला विचारलं, काढू का? ती म्हणायची, राहू दे, अजून कशाला लागत न्हाईत.

आता लागतायत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. पुतण्याला पुण्यात काम मिळालंय, तो त्याची अर्धी पट्टी आणि विहिरीतला हिस्सा विकायला काढतोय. पाडव्यापर्यंत आक्काला आधी विचारणार, मग बाहेर. मी त्याच दिवशी मांडून बघितलं. उरलेले शेअर विकले तर पट्टी येते, थोडं उरतं. मी म्हणालो, लगेच काढू. ती म्हणाली, मळणी होऊ दे, मग बसू. आणि या सोमवारी देशमाने सर डबा उघडता उघडता दवाखान्यातल्या यंत्रांचं बोलले.

सोमवारी भाव उसळला. मी घरी आलो ते पाय ओढत आलो. संध्या म्हणाली, "वाढलाय ना? मग तोंड का असं?" तिला मी काय सांगणार? मला तो पहिला दिवस ओळखू येत होता. बातमीत यंत्राचं चित्र होतं, खर्चाचा आकडा नव्हता. कदाचित या वेळी सगळं नीट होईल. दवाखान्यांची बिलं काढणाऱ्यानं दवाखान्याची यंत्रं बनवणं म्हणजे ओटीच्या दुकानावर लॉजच झालं की, गिऱ्हाईक तेच. असं मी मलाच समजावत होतो आणि समजावता समजावता ओळखीची वाट दिसायला लागली, दोन दिवस बघू, सावरेल, आणखी दोन दिवस. मंगळवारी सकाळी बाजार उघडला आणि भाव पडला. फार नाही. सोमवारी चढलं होतं ते गेलं आणि त्याखालीही थोडं उतरलं.

मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि मोटरसायकल काढली. सडकेच्या दोन्ही बाजूंना काढणी चालली होती. हवेत भुसा, डिझेल आणि ओल्या मातीचा तोच वास. आक्काच्या रानात बाया ओणव्या होऊन ओळी उरकत होत्या, निम्मं रान उघडं झालं होतं, तूर उभी होती. तिनं मला लांबूनच बघितलं. तिचा हात थांबला. ती सरळ उभी राहिली, एक हात कपाळावर धरून मी जवळ येईपर्यंत नुसती बघत राहिली, आणि ती काय शोधतेय हे मला कळत होतं. बांधावर दोन-तीन जादा विळे ठेवले होते. सवयीनं मी त्यातला एक उचलला. मग तिथूनच, पुढं न जाता, म्हणालो, "आक्का, आज पडला."

बायांनी माना वर केल्या. आक्का दोन तुरीच्या ओळींमधून माझ्याकडं चालत आली.

"किती?"

मी सांगितलं.

"विहीर येती का अजून तेवढ्यात?"

"आज येती. उद्याचं म्या सांगू शकत न्हाय."

"मग आजच काढ. तूर बी कवा तरी काढावीच लागती की." तिनं पदरानं तोंड पुसलं.

मी मोबाईल काढला. "आन् उद्या चढला तर?"

"चढू दे की. जे घेतील त्येंचं बी चांगलं होऊ दे," ती म्हणाली. मग माझ्या दुसऱ्या हाताकडं बघितलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला ती मोकळी हसलेली दिसली. "आता सांगितलंस न्हवं? मग ठिव तो इळा खाली. तुज्या हातानं शेंगा लई फुटत्यात."

मी विळा खाली ठेवला आणि बांधावर बसून उरलेले शेअर विकले.